कागदात रुतलेली अक्षरं

लेटरप्रेसवर छापलेलं कार्ड हातात आलं, की माणूस वाचण्याआधी त्यावरून बोट फिरवतो. अक्षरं कागदात रुतलेली असतात आणि ते बोटाला लगेच कळतं. ब्रिटनमधल्या लहान लहान स्टुडिओंमधून आज अशा लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रं, नाव-पत्ता छापलेले पत्राचे कागद तयार होतात. एक-दोन माणसं, त्यांच्या जन्माआधी घडलेलं एखादं यंत्र आणि निसर्गाला शक्य तितका कमी त्रास देऊन काम करायचा निर्धार, एवढंच त्यांचं भांडवल. 'पारंपरिक' आणि 'शाश्वत' हे दोन शब्द त्यांच्या मालावर जोडीनं येतात. त्यामुळे घेणाऱ्यालाही वाटतं, की जुनी पद्धत आहे म्हणजे ती निसर्गाला जपणारीच असणार. तसं नाही. जुना छापखाना शिशाच्या धुळीचा आणि रॉकेलच्या वासाचा होता. आजचे स्टुडिओ जे करतात त्यातलं काही परंपरेतून सरळ हाती आलं आहे आणि काही परंपरा मोडून मिळवावं लागलं आहे. बोटाला सगळ्यात आवडणारं ते अक्षराचं खोल रुतणं तर चांगल्या छपाईच्या जुन्या कल्पनेत बसतच नव्हतं.

उठावाच्या पृष्ठभागाला शाई लावायची आणि तो कागदावर दाबायचा, हे लेटरप्रेसचं मूळ तत्त्व. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तेव्हापासून पुढची जवळजवळ पाच शतकं ब्रिटनमधली पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि जाहिराती मुख्यतः याच तत्त्वावर छापल्या गेल्या. शिशाचा खिळा पायापासून अक्षराच्या तोंडापर्यंत ०.९१८ इंच उंच असतो. या उंचीत केसभर फरक पडला, तर एक अक्षर ठळक उमटतं आणि शेजारचं पुसट राहतं. जुळारी लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून 'स्टिक' नावाच्या हातातल्या पट्टीत ओळ लावतो, ओळी लोखंडी चौकटीत आवळतो, मोकळ्या जागी लाकडाचे आणि धातूचे ठोकळे भरतो. मग सुरू होते मेकरेडी. नमुना छापायचा, कुठं दाब कमी पडला ते पाहायचं, तिथं मागच्या बाजूनं पातळ कागदाचा कपटा लावायचा, पुन्हा छापायचं. चार ओळींच्या कार्डालाही यात सहज तासभर जातो. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका छापणारं ट्रेडल ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यातलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटेल.

घरातल्या खोलीत छपाई करण्याची ब्रिटिश परंपरा जुनी आहे आणि तिच्यात मोठी नावंही आहेत. १९१७ मध्ये व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी लंडनमध्ये एक लहान हातयंत्र विकत घेतलं आणि रिचमंडमधल्या आपल्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडलं. छपाईच्या शाळेत धंद्यातल्या उमेदवारांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता, म्हणून दोघं यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेवरून शिकले. त्यांच्या होगार्थ प्रेसचं पहिलं पुस्तक फक्त १५० प्रतींचं होतं. पुढं १९२३ मध्ये टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'च्या होगार्थ आवृत्तीचे खिळे स्वतः व्हर्जिनियानं जुळवले. विसाव्या शतकातली एक थोर लेखिका शिशाचे खिळे बोटांनी उचलत होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे काम गिरणीइतकं मोठं असावं लागत नाही, हे त्या टेबलानं दाखवून दिलं.

हेच सामान्य माणसापर्यंत पोचवलं 'अदाना' यंत्रानं. डोनाल्ड ॲस्पिनॉल यांनी १९२२ च्या सुमारास ट्विकनहॅममध्ये हा उद्योग सुरू केला. त्यांचं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे १९५३ चं 'एट-फाइव्ह'. त्यावर आठ बाय पाच इंचांचा मजकूर छापता येतो, म्हणून ते नाव. हँडल खाली ओढलं, की रूळ वरच्या गोल तबकडीवरची शाई घेऊन खिळ्यांवरून फिरतात आणि कागद धरलेली पाटी येऊन खिळ्यांवर दाबली जाते. प्रत्येक ओढीला तबकडी थोडी फिरते, त्यामुळे शाई सारखी पसरत राहते. वीज लागत नाही, यंत्र टेबलावर मावतं. चर्चच्या पत्रिका, दुकानांची बिलं, शाळांचे कार्यक्रम, हौशी मंडळींची वार्तापत्रं असं सगळं अदानावर निघालं. त्याचं उत्पादन १९९९ मध्ये थांबलं. पण रूळ नव्यानं मढवून मिळतात, झिजलेले भाग बदलता येतात, आणि आज ब्रिटनमधले कितीतरी स्टुडिओ याच यंत्रावर सुरू होतात.

काम वाढलं की मोठं यंत्र येतं. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावी जोसाया वेड यांनी १८७० च्या दशकात 'अरब' नावाचं पायानं चालवायचं ट्रेडल बनवायला सुरुवात केली. त्यातली काही अजून चालू आहेत. जर्मनीचं हायडेलबर्ग 'विंडमिल' हे मात्र विजेवर चालतं. पवनचक्कीसारखे फिरणारे त्याचे दोन हात एकेक कागद उचलून आत ठेवतात आणि तासाला पाच हजारांपर्यंत छपाई होऊ शकते. १९८५ पर्यंत ते बनत होतं. ऑफसेट छपाई आली, तशी ही यंत्रं भंगारच्या भावानं गेली. शेकडो किलो बीड, तीही चालू स्थितीतली, घणाखाली फोडली गेली. जी वाचली ती कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, शेतावरच्या गोठ्यात, शाळेच्या तळघरात पडून राहिली आणि आज तिथूनच उचलून आणली जातात.

पर्यावरणाचा हिशेब मांडायचा तर या स्टुडिओंची सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राचं लोखंड गाळायला जो कोळसा जळायचा तो तेव्हाच जळून गेला. त्यानंतर प्रत्येक पिढीनं ते यंत्र तेल घालून, बेअरिंग बदलून, रूळ मढवून वापरलं. त्यात चिप नाही, सॉफ्टवेअर नाही, कंपनीनं बंद केलं म्हणून निकामी होणारा भाग नाही. बिघडलं तर गावातला लेथवाला भाग घडवून देऊ शकतो. कार्डावर छापलेल्या हिरव्या पानाच्या चिन्हापेक्षा मला ही गोष्ट जास्त विश्वासाची वाटते.

खिळ्यांचीही अशीच एक चांगली बाजू आहे. खिळ्यांच्या धातूत मुख्यतः शिसं असतं. त्यात अँटिमनी घातला की कठीणपणा येतो आणि कथील घातलं की वितळलेला धातू साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट शिरतो. छपाई झाली की खिळे धुऊन परत आपापल्या खणात जातात. फार झिजले की वितळवून त्यांचे नवे खिळे ओततात. खिळे ओतणारी मोनोटाइप यंत्रं वापरणाऱ्या छापखान्यांत तर एकाच धातूचं आज पुस्तक व्हायचं आणि पुढच्या महिन्यात दुसरंच पुस्तक. पुनर्वापर हा शब्द चलनात येण्याच्या कितीतरी आधी हे रोजचं काम होतं.

पण हे शिसं होतं, हे विसरून चालत नाही. खिळ्यावर चढलेली पांढरट धूळ बोटांवाटे तोंडात जाते. पूर्वीच्या जुळाऱ्यांना खणाशेजारीच जेवण्याची सवय असायची आणि त्याची किंमत त्यांच्या शरीरानं मोजली. ब्रिटनमध्ये शिशाच्या कामासाठी २००२ चे स्वतंत्र नियम आहेत. जबाबदार स्टुडिओत खिळ्यांजवळ खाणंपिणं नसतं, खण फुंकून साफ करत नाहीत, हात धुतल्याशिवाय कुणी चहाला जात नाही. नवे खिळे मिळणंही अवघड झालं आहे. शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेकसारख्या मातब्बर ओतशाळेनं खिळे ओतणं थांबवलं. मोठे लाकडी खिळे बनवणारी यॉर्कची डिलिटल ही १८८८ पासूनची पेढीही मिटली. त्यांचे साचे आणि अवजारं तेव्हा लंडनच्या स्टॉकवेलमध्ये असलेल्या टाइप आर्काइव्ह या संग्रहालयानं वाचवली, हे मोठंच काम झालं. पण आज स्टुडिओच्या खणात जे खिळे आहेत ते जपूनच वापरावे लागतात, कारण मोडलेल्या खिळ्याची जागा भरून काढणं सोपं राहिलेलं नाही.

खोल रुतलेल्या अक्षराचा प्रश्न इथेच उभा राहतो. जुन्या ब्रिटिश मुद्रकाला खिळा कागदाला जेमतेम टेकून सुटलेला हवा असायचा. कागदाच्या मागच्या बाजूला उठाव जाणवला, तर उस्ताद उमेदवाराला रागवायचा. बर्मिंगहॅमचा जॉन बॅस्करव्हिल तर त्याही पुढं गेला. १७५७ मध्ये त्यानं व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती काढली. त्याच्या छपाईत छापलेले कागद गरम धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केलेले असत आणि त्याची कीर्ती या नितळपणावर उभी होती. विल्यम मॉरिसनं १८९१ मध्ये हॅमरस्मिथला केल्मस्कॉट प्रेस काढली तेव्हा ओलसर हातकागदावर भरदार दाब देऊन छापलं, आणि अक्षराला पुन्हा वजन आणलं. तरी आज लग्नपत्रिकेत दिसते तेवढी खोली त्याच्याही पानांत नाही. ही आवड अगदी अलीकडची आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लग्नविषयक मासिकांनी, विशेषतः मार्था स्ट्युअर्ट यांच्या मासिकानं, ती रुजवली आणि तिथून ती ब्रिटनमध्ये आली.

असा जबर दाब शिशाच्या खिळ्यांवर वारंवार दिला, तर त्यांचं तोंड चेपतं. म्हणून आजची बहुतेक खोल छपाई खिळ्यांवर होतच नाही. ती फोटोपॉलिमरच्या प्लेटवर होते. संगणकावर मजकूर मांडायचा, त्याची निगेटिव्ह फिल्म काढायची, ती प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ठेवून अतिनील किरण सोडायचे. किरण पोचतात तिथलं प्लॅस्टिक कडक होतं, उरलेलं कोमट पाण्यानं आणि ब्रशनं धुऊन निघतं. राहिलेला उठाव धातूच्या बैठकीवर चिकटवला, की खिळ्याइतकी उंची मिळते. यामुळे कुठलंही अक्षर, कुठलंही चित्र, कुणाचंही हस्ताक्षर छापता येतं. या सोयीवाचून आज लेटरप्रेसचे इतके स्टुडिओ तगले असते असं मला वाटत नाही. शिशाची भीतीही यात नाही. पण शेवटी ती प्लॅस्टिकची प्लेट आहे. एका लग्नाची, एका तारखेची. काम झालं की तिचा उपयोग संपतो, आणि वितळवून तिची दुसरी प्लेट करता येत नाही. मॅग्नेशियमचा किंवा तांब्याचा ब्लॉक केला तर धातू भंगारात परत जातो, पण तो ब्लॉक करताना आम्लं आणि क्षार लागतात. निर्दोष असा मार्ग इथं नाही. कमी वाईट कुठला, हे दर कामाला ठरवावं लागतं.

खोल दाबाला कागदही वेगळा लागतो. साधा लाकडाच्या लगद्याचा घट्ट कागद दाबाखाली फाटतो किंवा मागून फुगतो. लांब तंतूंचा, मऊ आणि जाड सुती कागद मात्र दाब जिरवून घेतो. सुती कागद ही ब्रिटनची जुनीच परंपरा. एकेकाळी तिथला सगळा चांगला कागद चिंध्यांचाच होता. १८०३ मध्ये हर्टफर्डशरच्या फ्रॉगमोर मिलमध्ये यंत्रानं सलग कागद निघू लागला, कागदाची भूक वाढली आणि चिंध्या पुरेनात. मग आधी स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून एस्पार्टो गवत आणलं गेलं आणि पुढं लाकूड आलं. आजच्या सुती कागदात बहुधा सरकीवर उरलेली आखूड लव असते, किंवा कपडे शिवताना पडलेली कातरणं. कापसाचं पीक पाणी किती पितं हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. पण लव आणि कातरणं ही दुसऱ्याच उद्योगात उरलेली वस्तू आहे. तिच्यासाठी वेगळं पीक घेतलेलं नाही आणि झाडही पाडलेलं नाही, हा तिचा खरा गुण.

यातला काही कागद आपल्या शेजारूनच जातो. वेस्ट ससेक्समधली 'खादी पेपर्स' ही कंपनी कर्नाटकात सुती कातरणांपासून बनलेला हातकागद ब्रिटनमध्ये विकते आणि कडा न कापलेल्या त्या कागदावर अनेक स्टुडिओ पत्रिका छापतात. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेमुळे ही पद्धत आपल्याकडेही माहितीची आहे: लगद्याच्या हौदात चाळणी बुडवायची, हलवून तंतू पसरवायचे, पाणी निथळू द्यायचं आणि ओला कागद कापडावर उतरवायचा. कर्नाटकातला कागद समुद्र ओलांडून जातो हे खरं, आणि स्टुडिओनं तो प्रवास हिशेबात धरलाच पाहिजे. पण ब्रिटनमध्ये व्यापारी पातळीवर हातकागद बनवणारे जवळजवळ उरलेलेच नाहीत. तिथल्या 'हेरिटेज क्राफ्ट्स' संस्थेनं हे काम अतिसंकटग्रस्त कारागिरीत धरलं आहे. सॉमरसेटमध्ये वॉचेट गावी टू रिव्हर्ससारखं एखादं ठिकाण तग धरून आहे, एवढंच.

घराजवळचा कागद हवा असेल तर कंब्रियातल्या बर्नसाइडकडे वळावं लागतं. १८४५ पासून तिथं जेम्स क्रॉपर ही कागद गिरणी आहे. ब्रिटनमध्ये दरवर्षी कॉफीचे सुमारे अडीच अब्ज कागदी कप फेकले जातात आणि त्यातला चारशेतला एखादाच कागद म्हणून परत वापरात येतो, असं तिथल्या संसदेच्या समितीनं २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं. अडचण होती ती कपाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ थराची. क्रॉपरच्या गिरणीत कप कोमट पाण्यात भिजवून तो थर सुटा करतात आणि तंतू वेगळे काढतात. खाण्यापिण्याच्या वस्तूला लागणारा असल्यामुळे कपाचा कागद ताज्या लगद्याचा असतो, त्याचे तंतू लांब आणि मजबूत असतात. म्हणून रद्दीपासून बनलेल्या कागदापेक्षा हा सरस ठरतो. हल शहरातल्या जी. एफ. स्मिथ या १८८५ पासूनच्या कागद पेढीनं असा कागद 'एक्स्ट्रॅक्ट' नावानं बाजारात आणला. सुती कागदाइतका तो दबत नाही, पण हलक्या दाबाची छपाई त्यावर देखणी येते.

शाईत जुन्या परंपरेनं चांगली वाट घालून ठेवली होती. जवसाचं तेल आणि काजळी ही छपाईची मूळ शाई. मधल्या काळात खनिज तेलं आली आणि आता पुन्हा वनस्पती तेलाच्या शाया आल्या आहेत. लेटरप्रेसला शाई लागते फार थोडी, त्यामुळे यात फार मोठी बचत होते असं नाही. खरा फरक सफाईत पडला. रंग बदलताना तबकडी, रूळ, खिळे सगळं पुसावं लागतं आणि त्यासाठी पूर्वी रॉकेल किंवा पांढरं स्पिरिट वापरत. बंद खोलीत दिवसभर त्या वाफा. आज बरेच स्टुडिओ आधी साध्या खाद्यतेलानं शाई सोडवतात, मग साबणाच्या ओल्या फडक्यानं तेल काढतात आणि लोखंड गंजू नये म्हणून लगेच कोरडं करतात. वेळ जास्त जातो, छातीत मात्र वाफ जात नाही. फडकी म्हणजे जुने सदरे आणि चादरी. तेलकट चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो, म्हणून त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्या लागतात.

कार्डावर काय लावायचं नाही, हाही निर्णय तितकाच महत्त्वाचा. चमकी म्हणजे प्लॅस्टिकचा चुरा. ती लावलेलं शुभेच्छापत्र रद्दीत घेत नाहीत, आणि अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या दुकानांनी आपल्या कार्डांवरून ती काढून टाकली. लेटरप्रेसवाल्याला तिची गरजच नसते. शाई न लावता नुसता ठसा उमटवला, की उजेडसावलीतून वेलबुट्टी दिसते, आणि मला तर ती सोनेरी वर्खापेक्षा श्रीमंत वाटते. प्रत्येक कार्डाची पारदर्शक पिशवीही गेली. आता लिफाफा आणि कार्ड एकत्र धरायला कागदाची लहानशी चिकटपट्टी पुरते. कापून उरलेल्या जाड सुती पट्ट्यांची पुस्तकखूण होते, सामानावर बांधायची चिठ्ठी होते, आणि अगदीच लहान कपटे हातकागदवाल्याच्या हौदात जातात.

खोल ठशाच्या आवडीवर काही स्टुडिओंनी शोधलेला तोडगा मला सगळ्यात पटतो. किनार, फुलांची नक्षी, 'सप्रेम निमंत्रण'सारखा न बदलणारा मजकूर यांचे धातूचे ब्लॉक एकदाच करून ठेवायचे आणि वर्षानुवर्षं वापरायचे. दर लग्नाला बदलतात ती नावं, तारीख आणि ठिकाण, आणि तेवढंच शिशाच्या खिळ्यांनी जुळवायचं. दाब मध्यम ठेवायचा, म्हणजे खिळे टिकतात आणि कागद दर चौरस मीटरला सहाशे ग्रॅमचा लागत नाही, तीनशेचाही चालतो. खिळ्यांच्या खणात जेवढे टाइप आहेत त्यातूनच निवड करावी लागते, हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगावं लागतं. कुणाला ते अपुरं वाटतं आणि ते पॉलिमरची प्लेटच मागतात. ज्यांना पटतं, त्यांच्या सत्तर-ऐंशी पत्रिका एका दुपारी छापून होतात. मग नावांचे खिळे धुऊन परत खणात जातात आणि किनारीची चौकट पुढच्या कामासाठी तशीच आवळलेली राहते.